मामांच्या झाडाची गुटी

लाँग हाउ, कालव्याकाठचं घर

तीर्थस्वरूप खुओंग मामांच्या चरणी भाचा दान्ह याचा वाकून नमस्कार. इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत, बाग सोडून. तुमचा गुडघा कसा आहे? मामी तुमच्याशी पुन्हा बोलायला लागल्या का? आणि आजोबांच्या हातचं तुमचं ते गुलाबी संत्र्याचं झाड कसं आहे? (आपल्या घराण्यात त्याची चौकशी माणसांच्या आधी करायची रीत आहे. ती मी मोडली. का मोडली ते पुढे कळेलच.)

तुमचा निरोप पोचला. आमच्या लेकीच्या, थोमच्या लग्नासाठी तुम्ही त्या झाडाच्या फांदीला कलमाची गुटी बांधलीत, तिला पांढऱ्या मुळ्याही फुटल्या, आणि लग्नाच्या दिवशी नवऱ्या मुलाच्या नव्या बागेत मधोमध ती तुम्ही स्वतःच्या हाताने लावणार, हे ऐकून आम्हां सगळ्यांना गहिवरून आलं. तुमची भाचेसून लुआ तर चुलीपाशी जाऊन रडली. आनंदाने रडली, असं मी सगळ्यांना सांगितलं आहे.

आता आमच्या बागेचं. सहा वर्षांपूर्वी आमच्या अंगणात तुम्ही जे झाड लावलंत, तेच सगळ्यात आधी पिवळं पडायला लागलं. शिरा हिरव्या आणि पानावर जागोजागी पिवळे डाग. मला वाटलं, बिचारं उपाशी आहे. खत घातलं, तर आणखी पिवळं झालं. तुम्हाला विचारलं, तेव्हा तुम्ही म्हणालात की खानदानी झाडावर असा रंग चढतोच. मग फळं धरली. लिंबाएवढी, एका बाजूला कललेली, बुडाशी हिरवीच, आणि चवीला काढ्यासारखी. तरी तेतला, नव्या वर्षाच्या सणाला, तीच पूर्वजांपुढे मांडली. (पूर्वज काही बोलले नाहीत, पण त्या वर्षी कोणी स्वप्नातसुद्धा आलं नाही.) शेजाऱ्याने सांगितलं, बुंध्याशी तांदळाची दारू ओत. मी अर्धी झाडाला दिली आणि अर्धी स्वतः घेतली. गुण फक्त मला आला. मग कोणी म्हणालं, मध्येमध्ये पेरू लावा, पेरूच्या वासाने किडा येत नाही. पेरू लावले. किड्याचं माहीत नाही, पण संत्री संपली आणि पेरू इतके आले की बाजारात मला आता पेरूवाला म्हणतात.

शेवटी शेती खात्यातली क्वेन नावाची मुलगी आली. तिने पान उन्हात धरून बघितलं आणि सांगितलं की ही भूक नव्हे. पानातली साखर मुळांकडे नेणाऱ्या बारीक नळ्यांत जिवाणू शिरले आहेत. नळ्या तुंबतात, साखर वर पानांतच साठते आणि खाली मुळं उपाशी मरतात. (वडीलधाऱ्यांकडे सगळं साठलेलं आणि धाकटे उपाशी, हे आपल्या घराण्याला काही नवीन नाही.) एक तिळाएवढा किडा कोवळ्या पालवीचा रस पितो आणि जिवाणू या झाडावरून त्या झाडावर नेतो. औषध नाही. झाड उपटायचं आणि जाळायचं. पण किडा उडून उडून जाणार किती लांब, म्हणाली. आजारी झाडाची गुटी मात्र मोटारसायकलवर बसून जिल्हाभर हिंडते.

मग तिने नकाशा काढला आणि आसपासच्या रोगट बागांवर खुणा केल्या. सात निघाल्या. मी एकेक घर ओळखत गेलो. हे चुलतभावाचं लग्न, हे त्याच्या मुलाचं बारसं, हे धाकट्या मेहुण्याचं नवं घर. प्रत्येक ठिकाणी तुमची गुटी. मुलगी पेन्सिल खाली ठेवून म्हणाली, "काका, ही रोगाची यादी आहे की आहेराची?" मामा, मी तिला पेरू कापून दिला.

नात्यातली एकच बाग हिरवीगार आहे. न्यान मावशीची. सात वर्षांपूर्वी तिच्या मुलाने हु तिएऊच्या शेवयांचा गाडा लावणाऱ्याच्या पोरीशी लग्न केलं म्हणून सख्ख्या बहिणीला तुम्ही गुटी नाकारलीत. तिने सरकारी रोपवाटिकेतून जाळीखाली वाढवलेली रोपं आणली. आम्ही सगळे हळहळलो होतो. परवा तिच्याकडे गेलो, तर सोललेलं संत्रं माझ्या हातात ठेवून म्हणाली, "सात वर्षं माझी कीव केलीत ना? आता बसा पेरू खात." संत्रं गोड होतं. तिथेच बसून दोन खाल्ली.

सर्वांना नमस्कार. गुडघ्याला जपा.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
दान्ह

ता. क. खरं काम लिहायचं राहिलं. जावयाने दोन वर्षं ट्रक चालवून, जाळीतली निरोगी तीनशे रोपं आणून बाग उभी केली आहे. त्यात तुमची एक गुटी लागली की चार वर्षांत पोरीचा संसार पेरूवर येईल. तुमचा आहेर नाकारायची छाती आपल्या घराण्यात कोणाचीच नाही, माझीही नाही. त्यामुळे वाचायचा एकच रस्ता उरतो, मावशीचा. तुम्ही माझ्यावर रागवा आणि गुटी देणार नाही असं जाहीर करा. वर जे वेडंवाकडं लिहिलं आहे ते त्यासाठीच. पुरेसा राग आला नसेल तर कळवा, आणखी लिहितो.

ता. क. २. पण राग गुटीपुरताच ठेवा. मामाआजोबा आल्याशिवाय पूर्वजांपुढे उदबत्ती लावणार नाही, असं थोम म्हणते, आणि ती हट्टाला तुमच्यावर गेली आहे. रिकाम्या हाताने या.

ता. क. ३. सगळी झाडं जाळली असं मी क्वेनला सांगितलं, ते खोटं आहे. साठ जाळली. अंगणातलं तुमचं उभं आहे, मच्छरदाणीखाली. आई गेली त्या वर्षी दुखऱ्या गुडघ्यावर चिखलात बसून तुम्ही ते लावलंत आणि म्हणालात, ताई इथेच आहे. मी तीनदा करवत घेऊन गेलो आणि तीनदा परत आलो. तर लग्नाच्या आदल्या दिवशीच या. मी फांदी धरतो, करवत तुम्ही चालवा. मग आपण दोघं तुमच्याकडे जाऊ, आणि आजोबांच्या झाडाला करवत मी लावीन.