मावशीची नळी

ता. ४ मार्च

ति. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझी नळी पोचली. कापसात गुंडाळून, वर तुमच्या वह्यांच्या दुकानातल्या बाइंडिंगच्या कापडाची पिशवी शिवून पाठवलीस. इतकी नटूनथटून आलेली थुंकी आमच्या लॅबने आजवर पाहिली नव्हती. पण तपासल्यावर ती पुरुषाची निघाली! मी नळ्यांची अदलाबदल केली असं समजून साहेबांनी मला तासभर फैलावर घेतलं. मग मला काका आठवले आणि हसू आवरेना.

अगं, काकांच्या थुंकीवरून आईचं काय कळणार? ज्या विषाणूमुळे आईला गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर झाला, तो बहुतेक बायकांना कधी ना कधी गाठतो आणि बहुतेकींचं शरीर त्याला हाकलून देतं. काहींच्या शरीराला तो नीट ओळखूच येत नाही. प्रतिकारशक्तीची काही जनुकं तशी असतात आणि ती घराण्यातून येतात. तू आईची सख्खी बहीण, म्हणून तुझीच थुंकी हवी. नवी नळी पाठवतेय.

आणि स्वतःच्या तपासणीला गेलीस का? मी दर वेळी विचारते आणि तू दर वेळी हवापाणी लिहितेस. काकांना नमस्कार. रागावले नाहीये, माया आहे तेवढीच आहे.

तुझी,
भिंगरी

ता. ११ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पकडलंस बाई. काकांना म्हटलं नळीत थुंका, तर त्यांनी कशाला म्हणूनही विचारलं नाही. वर शेजारीपाजारी सांगत सुटले की आपल्यावर संशोधन चालू आहे.

हसून झालं असेल तर पुढचं वाच. माझी पाळी बंद होऊन सात वर्षं झाली. नोव्हेंबरपासून मधूनमधून पुन्हा रक्त दिसतंय. अक्काचं असंच सुरू झालं होतं. तिचं आणि माझं एकच आहे असं तुझ्या कागदावर आलं, तर मग उरलं काय? म्हणून काकांना पुढे केलं. त्यांना यातलं काही ठाऊक नाही. दुकानात वह्या शिवताना माझे टाके चुकतात. चष्म्याचा नंबर वाढलाय असं त्यांना सांगितलंय.

मला भीती वाटते गं. तुला लिहून जरा मोकळं वाटलं. जिवाला जप.

तुझी,
मावशी

ता. १४ मार्च

ति. मावशीस,
सा. न. वि. वि.

आता मात्र रागावले आहे. चार महिने! तुझं पत्र उभ्याउभ्याच वाचलं आणि तुझ्याच गावातल्या डॉक्टरीणबाईंकडे गुरुवारची वेळ घेतली. बुधवारी मी येते. तोवर काकांना सांग, नाहीतर मी आल्या आल्या सांगेन.

आता तू नीट वाच. आईचं ते जनुक माझ्यात आहे. दोन वर्षांपूर्वीच कळलं. तुला सांगितलं नाही, कारण तू जेवण सोडून बसली असतीस. त्याने धोका थोडा वाढतो, इतकंच. मी वेळच्या वेळी तपासून घेते. एकदा जरा वेगळं दिसलं होतं, पुन्हा पाहिलं तर गेलेलं. आईला त्या जनुकापेक्षा उशीर नडला. तिने वर्षभर कोणाला सांगितलं नाही. तू तिच्या वाटेने जाऊ नकोस. मला दुसरी मावशी नाही.

तुझ्यावर भारी जीव असलेली,
भिंगरी

ता. २० एप्रिल

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

काल रिपोर्ट आला. अगदी सुरुवातीचं होतं. ऑपरेशनमध्ये जेवढा तुकडा काढला त्यातच सगळं संपलं, त्याच्या कडा स्वच्छ आहेत, म्हणजे मागे काही उरलं नाही. सहा महिन्यांनी पुन्हा दाखवायचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की आणखी वर्ष काढलं असतं तर गोष्ट वेगळी झाली असती.

काकांनी रिपोर्ट पुन्हा पुन्हा वाचला. मग रडले. आता स्वयंपाक करतात, भाजीत दोनदा मीठ घालतात आणि मी मुकाट्याने खाते. नवी नळी सोबत आहे, या खेपेला माझीच. कागदावर काय येईल ते येऊ दे.

एक कबूल करायचं आहे. अक्का गेली त्या दिवशी तुला पोटाशी धरून मी म्हटलं होतं की मी आहे ना. तेव्हा ते नुसतं तुला धीर द्यायला म्हटलं होतं. आतून वाटत होतं, पुढचा नंबर माझाच. काल रिपोर्ट हातात घेऊन घरी आले आणि पहिल्यांदाच खात्रीने म्हणावंसं वाटलं. मी आहे गं.

ये लवकर. येताना वेळ काढून ये, तासाभरासाठी नको.

तुझी,
मावशी