एकसष्ट धावांपुढील 'स्वेच्छेने निवृत्त – बाद' ही नोंद

प्रति,
मा. सचिव,
नोंदी व सांख्यिकी समिती,
शहर क्रिकेट संघटना,
मैदान कार्यालय, पॅव्हेलियन, तळमजला.

विषय : माझ्या दिवंगत पतींच्या अखेरच्या डावाची नोंद 'निवृत्त – नाबाद' अशी दुरुस्त होऊन मिळण्याबाबत.

संदर्भ : माझे यापूर्वीचे तीन अर्ज व त्यांवर आपल्या कार्यालयाकडून आलेली नकाराची पत्रे.

माननीय सचिवसाहेब,

१. मी खाली सही करणारी अर्जदार, शहर संघाचे माजी सलामीचे फलंदाज आणि अग्निशमन दलाचे माजी जवान यांची पत्नी. माझ्या पतींना मैदानावर कोणी नावाने ओळखत नसे. नोकरी दलातली, म्हणून सगळे त्यांना 'बंब' म्हणत आणि त्या नात्याने मी बंबवहिनी. आपल्या कार्यालयातले शिपाईसुद्धा मला याच नावाने हाक मारतात, म्हणून अर्जातही तेच वापरते. मी पाणीपुरवठा कार्यालयात टंकलेखिका होते. अर्ज थोडक्यात असावा, त्यात रडगाणे नसावे, हे मला माहीत आहे. परंतु हा चौथा अर्ज आहे. काही ठिकाणी भाषा कार्यालयीन राहणार नाही, त्याबद्दल आधीच क्षमा मागते.

२. आपल्या नोंदीप्रमाणे माझे पती शहर संघातर्फे चौसष्ट डाव खेळले. धावा दोन हजार सातशे एकतीस. पंचावन्न वेळा बाद. सरासरी ४९.६५. पॅव्हेलियनमधील मानाच्या फलकावर किमान पन्नास डाव आणि पन्नासची सरासरी असलेल्या फलंदाजांचीच नावे लागतात, त्यामुळे त्यांचे नाव तेथे नाही. वरील पंचावन्नांपैकी एक 'बाद' चुकीचा आहे, असे माझे नम्र म्हणणे आहे. तो वगळल्यास सरासरी ५०.५७ होते. हा भागाकार माझे पती तोंडी करून दाखवत आणि वर म्हणत, "पन्नासला काही शतांश कमी पडले म्हणून कोणाच्या घरची चूल विझली नाही." ते हयात असेपर्यंत त्यांनी मला अर्ज करू दिला नाही, हेही प्रामाणिकपणे नमूद करते.

३. आता त्या सामन्याविषयी. शेवटचा दिवस होता, जिंकायला अजून शंभराच्या आसपास धावा हव्या होत्या आणि माझे पती एकसष्टवर खेळत होते. मी स्वतः लाकडी बाकांवर बसले होते. पाण्याच्या टाकीकडे तोंड करून फलंदाजी करायला त्यांना आवडे, कारण त्या बाजूने गोलंदाजाच्या डोक्यावरून जुन्या बाजाराची छपरे दिसतात. गोलंदाज धावत निघाला आणि यांनी हात वर करून त्याला थांबवले. गोलंदाजामागच्या पांढऱ्या पडद्यापुढून कोणी चालले असेल असे पंचांना वाटले. त्यांनी विचारले, "काय झालं?" हे म्हणाले, "धूर आहे. कापडाचा आहे." एवढे बोलून त्यांनी बॅट समोरच्या जोडीदाराच्या हातात दिली. जोडीदार बेकरीवाले, जन्माचे मित्र. ते ओरडले, "अरे, बंब येईल ना! तू कुठे चाललास?" यांनी धावता धावताच उत्तर दिले, "आपला बंब दुरुस्तीला गेलाय."

ते खरे होते. आमच्या भागातल्या केंद्रातली गाडी त्याच सकाळी दुरुस्तीसाठी नेली होती आणि दुसरी गाडी शहराच्या पलीकडच्या टोकाहून यायची होती. मैदानात जमलेल्यांपैकी ही गोष्ट फक्त त्यांना ठाऊक होती. ते पॅड न काढता फाटकाबाहेर गेले. मी त्यांच्या मागे धावले, पण त्यांना गाठू शकले नाही. माझ्या पतींना मी खेळपट्टीवर इतक्या जोरात पळताना कधी पाहिले नव्हते. एकेरी धाव चोरण्याच्या बाबतीत ते फार आळशी होते.

४. बाजारातल्या एका इमारतीत खाली कापडाचे दुकान होते आणि वर शिवणकाम करणाऱ्या बायकांची खोली. माझे पती तीन वेळा वर गेले. पहिल्यांदा दोघींना घेऊन उतरले, दुसऱ्यांदा एका म्हाताऱ्या शिंपीणबाईंना पाठीवर घेऊन. तिसऱ्यांदा त्या बाईंची नात राहिली होती. ती मशीनखाली लपली होती आणि हाका मारूनही ओ देत नव्हती. तिला त्यांनी खिडकीतून खाली लोकांच्या हातात सोडले. स्वतः जिन्याने यायला निघाले, पण तोवर जिना उरला नव्हता. दुसरी गाडी आल्यावर त्यांच्याच सहकाऱ्यांनी त्यांना बाहेर काढले. पॅड पायांना चिकटले होते, ते इस्पितळात कापून काढावे लागले.

इकडे मैदानावर आमचा नववा गडी बाद झाला आणि यांच्याशिवाय खेळायला यायचे कोणी उरले नाही, तेव्हा जिंकायला अकरा धावा हव्या होत्या. पाहुण्या संघाच्या कर्णधारांनी पंचांना सांगितले होते, "त्यांचा डाव मोकळा ठेवा. आले की खेळू द्या, माझी हरकत नाही." बेकरीवाले मला पुढे सांगत, की सगळे क्षेत्ररक्षक, दोन्ही पंच आणि ते स्वतः फाटकाकडे तोंड करून उभे होते. नियमाने जेवढे थांबता येते त्याहून थोडे जास्तच थांबले. मग पंचांनी बेल्स उचलल्या. सामना आपण हरलो.

५. माझे पती त्यातून वाचले, पण फुप्फुसे गेली. पुढे दलाने त्यांना नियंत्रण कक्षात दूरध्वनीवर बसवले. बॅट त्यांनी पुन्हा हातात धरली नाही. त्यामुळे तो एकसष्टचा डाव शेवटचा ठरला आणि सरासरी तिथेच थांबली. शहरातही सगळ्यांनी त्यांचे कौतुक केले असे नाही. दाढी करता करता न्हावी म्हणे, "अकरा धावा हो, बंब! अकरा!" काही जण तोंडावर म्हणाले, की रजेच्या दिवशी कोणी सांगितला होता हा उद्योग. हे नुसते हसत. हसले की खोकला येई.

तरुणपणी त्यांना एका मोठ्या शहराच्या संघाने बोलावले होते. शिवाय बैठ्या कामाची नोकरी आणि राहायला घरही मिळणार होते. मी सामान बांधायच्या तयारीत होते. हे दोन दिवस जाऊन परत आले आणि म्हणाले, "तिथे मला रस्ता विचारावा लागतो गं." मी पुष्कळ भांडले. खरे सांगायचे तर या शहराचा मला अनेक वर्षे राग होता. त्यांचे प्रेम शहरावर होते आणि माझे त्यांच्यावर. हे शहर मला त्यांच्यामार्फतच मिळाले, सासरच्या मोठ्या कुटुंबासारखे. सगळ्यांचे करावे लागते, आणि एक दिवस लक्षात येते की आता हीच आपली माणसे.

६. गेल्या हिवाळ्यात ते गेले. संघटनेने शोकसभा घेतली, त्याबद्दल मी आभारी आहे. त्या सभेत आपल्या समितीच्या सदस्यांनी त्यांची कारकीर्द वाचून दाखवली. वाचणाऱ्यांच्या मनात काही वाईट नव्हते. कागदावर होते तसेच त्यांनी वाचले : "अखेरचा डाव, एकसष्ट, स्वेच्छेने निवृत्त, बाद." माझ्या शेजारी शिंपीणबाईंची नात बसली होती. आता ती नोकरी करते. तिने माझ्या कानात विचारले, "काकू, स्वेच्छेने म्हणजे? त्यांना कंटाळा आला होता का?" तिला सगळे माहीत आहे, तरी तिने विचारले. कागद असा वाचला जातो, हे मला त्या वेळी कळले.

७. त्यानंतर मी पहिला अर्ज केला. आपल्याच नियमात लिहिले आहे, की आजार, दुखापत किंवा अन्य अपरिहार्य कारणाने फलंदाज निवृत्त झाल्यास तो नाबाद धरावा. आपले उत्तर आले, की वैद्यकीय दाखला जोडावा. मी इस्पितळाची कागदपत्रे जोडली. उत्तर आले, की ही दुखापत मैदान सोडल्यानंतरची आहे, मैदान सोडताना फलंदाज धडधाकट होते. हे अगदी बरोबर आहे. धडधाकट नसते तर इमारतीत तीनदा कसे चढले असते?

दुसऱ्या वेळी मी 'अपरिहार्य कारण' या शब्दांवर बोट ठेवले. उत्तर आले, की दलाने त्यांना कामावर बोलावले होते असा दाखला आणावा. दल म्हणते, बोलावले नव्हते, ते रजेवर होते. तिसऱ्या अर्जाला आपण कळवले, की आगीची घटना मैदानाच्या हद्दीबाहेर घडलेली असल्याने तिची दखल घेता येत नाही. साहेब, आग मैदानात आली असती तर सगळेच फलंदाज निवृत्त झाले असते.

आपल्या कार्यालयातील लेखनिक फार सज्जन आहेत. त्यांनी मला बाजूला घेऊन चहा दिला आणि हळूच म्हणाले, "वहिनी, एक ओळ लिहून द्या, की खेळताना त्यांना चक्कर आली. कोण विचारतंय आता? नाबाद होतील, फलकावर नाव लागेल." डॉक्टरही ओळखीचे आहेत, सही करायला तयार होते. मी तो कागद घरी आणला. दोन दिवस तो माझ्या टेबलावर होता. मग मी तो फाडला. चक्कर आलेला माणूस सावलीत जाऊन बसतो. माझे पती बसले नाहीत. सरासरी खरी करण्यासाठी त्यांना खोटे करणे मला जमणार नाही. लेखनिकांवर कृपया रागावू नये, त्यांचा हेतू चांगला होता.

८. तरी माझी विनंती अशी, की 'अन्य अपरिहार्य कारण' या शब्दांचा अर्थ समितीने एकदा बसून ठरवावा. दल बोलावते तेव्हाच जाणे अपरिहार्य होते, की आपला बंब येणार नाही हे माहीत असलेल्या माणसाला धूर दिसतो तेव्हाही? नोंद बदलणे शक्यच नसेल, तर 'बाद' राहू द्या, फलकही आहे तसाच राहू द्या, पण 'स्वेच्छेने' हा शब्द काढावा. सोबत शिंपीणबाईंच्या नातीचे आणि बेकरीवाल्यांचे निवेदन जोडले आहे. पाहुण्या संघाचे त्या वेळचे कर्णधार आता वृद्ध आहेत, तरी सुनावणी लावल्यास प्रवास करून यायला तयार आहेत.

९. शेवटी एक गोष्ट सांगते. अर्जात ती बसत नाही हे मला कळते. अखेरच्या आठवड्यात ते पलंगावर होते, नाकाला नळी होती, बोलले की धाप लागे. एका दुपारी रस्त्यावरून बंबाची घंटा गेली. त्यांनी डोळे उघडले आणि मला खूण करून जवळ बोलावले. मी कान त्यांच्या तोंडाशी नेला. म्हणाले, "पुलावरून नको म्हणावं. तिकडे खणलंय." आदल्या दिवशी दूधवाला तसे बोलला होता, ते त्यांनी लक्षात ठेवले होते. मी नियंत्रण कक्षाला दूरध्वनी केला. तिथल्या मुलीने ऐकून घेतले आणि म्हणाली, "वळवते गाडी." मी परत येऊन त्यांना सांगितले, "वळवली हो." त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटले. त्यानंतर ते काही बोलले नाहीत.

हा माणूस त्या दिवशी क्रीजवर थांबू शकला असता, असे समितीला वाटत असेल, तर नोंद आहे तशीच ठेवावी. मी पुन्हा अर्ज करणार नाही.

आपल्या निर्णयाची वाट पाहणारी,

(सही)
बंबवहिनी

दिनांक : १७ ऑगस्ट