मांजरीची तक्रार, दर रविवारी

सिस्टर, तुम्हाला मराठीत लिहितेय. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्ही वरती लाल पेन्सिल घेऊन बसला असता, आणि या वयात मला ते सहन होणार नाही. काल आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कमिटीचा निरोप आला: घरात मांजरी पाळणाऱ्यांमुळे जिन्यात वास येतो, तरी संबंधितांनी बंदोबस्त करावा. संबंधित म्हणजे चौथ्या मजल्यावरची नोकरी करणारी एक मुलगी, तिच्या दोन मांजरी आणि घरपोच येणारी तयार वाळूची पिशवी. मी उत्तर लिहिलं, वास तुमच्या फुटक्या पाइपाचा आहे. मांजर आपली घाण आपण झाकून ठेवते, तेवढा सभ्यपणा कमिटीने तिच्याकडून शिकावा. चार जणांनी हात जोडल्याची चित्रं टाकली आणि विषय मिटला. जिंकल्यावर ते सांगायला घरात कुणीतरी लागतं. ते नव्हतं, म्हणून हे पत्र.

सातवीत तुम्ही मला वर्गाबाहेर उभं करून म्हणाला होतात की या जिभेने तू एक दिवस एकटी पडशील. मी ते विसरले नाही. आई गेल्यावर गिरगावची खोली भावाने घेतली आणि मी भाईंदरला तिसऱ्या मजल्यावर एकटी राहायला आले. ऐंशीचं दशक तेव्हा संपत आलं होतं. समोर मिठागरं, मागे नव्या इमारतीसाठी ओतलेला रेतीचा ढीग, नळाला एक दिवसाआड पाणी. फोर्टमधल्या ऑफिसातून यायचं, कुलूप उघडायचं, आणि आत आपल्याच चपलांचा आवाज ऐकायचा. शाळेतल्या एका मैत्रिणीकडून कळलं की तुम्ही निवृत्त होऊन आपल्याच गावी, उत्तनला, म्हाताऱ्या सिस्टरांच्या घरी राहता. स्टेशनबाहेरून थेट बस होती. मी आले ती भांडायला आले. वाक्य तयार होतं, इंग्रजीत, व्याकरणासकट: एकटी आहे, पण तुमच्या शापाने नाही, माझ्या मर्जीने.

तुम्ही मागच्या पायरीवर बसलेल्या आहात. कुंपणापलीकडे बोंबील वाळताहेत, आणि तुम्ही एका करड्या मांजरीला विचारताय, "जेवलीस का न्हाय गो बाय?" मराठी शब्द कानावर पडला तर आमच्या गळ्यात पाटी अडकवणाऱ्या तुम्ही. माझं भांडण तिथेच राहिलं. मग तुम्ही माझ्याशी तुमच्या जुन्या खणखणीत इंग्रजीत बोललात. घराच्या प्रमुख म्हणून नव्या मदर आल्या होत्या, मांजर प्रार्थनेच्या खोलीत गेलेली त्यांना चालत नव्हती, तिला कुठेतरी द्यायला हवं होतं. मी म्हटलं, मला मांजरी आवडत नाहीत. तुम्ही तिच्या पाठीवरून हात फिरवत मराठीत म्हणालात, "तिला पण मानसं आवडत न्हाईत. जमेल तुमचं." परतीच्या बसमध्ये मांडीवरच्या वेताच्या टोपलीतून गुरगुर येत होती. शेजारच्या कोळणीने विचारलं, "काय हाय गो त्याच्यात?" मांजर आहे म्हटल्यावर ती आपली मासळीची पाटी उचलून पुढच्या बाकावर गेली.

तोवर त्या मांजरीला उत्तनचा अख्खा किनारा मोकळा होता. मी तिला दोन खोल्यांत आणलं आणि तिने पहिल्या रात्रीच मोरीचा कोपरा धरला, दुसऱ्या रात्री माझी गादी. मी बाजारातून लोखंडी घमेलं आणलं आणि मागच्या ढिगावर रेती भरायला गेले. तिथला वॉचमन म्हणाला, "मॅडम, घर बांध रही हो क्या?" मी म्हटलं, "हां, बिल्ली का." रेती चाळली, धुतली, गच्चीत वाळवली, घमेलं मोरीशेजारी, तिच्या दुधाच्या ताटलीजवळ ठेवलं. सगळं हाताशी असावं हा माझा विचार. ती त्यावर पाय ठेवून बघे आणि निघून जाई, आणि आठवडाभरात सेक्रेटरी दारात. "बहनजी, पूरे जिने में बास आती है. महिने के आखिर तक बिल्ली निकाल दो." मी म्हटलं, जिन्यात तुम्ही लोक पान खाऊन थुंकता त्याच्या बासाला कोणता महिना दिलाय? तो गेला. दार लावून घेतल्यावर मात्र मी कॅलेंडरवर महिन्याचे उरलेले दिवस मोजले. उत्तनला तिला जागा नव्हती. आणि इथून ती गेली असती तर पुन्हा फक्त चपलांचा आवाज.

रविवारी तुमच्याकडे आले. तुम्ही इंग्रजीत चौकशी सुरू केलीत आणि वाक्य अर्ध्यावर अडलं. जे विचारायचं होतं ते तुमच्या इंग्रजीत कुठल्याच सभ्य रीतीने विचारता येईना. तुम्ही मागे वळून मदर नाहीत याची खात्री करून घेतलीत आणि सरळ विचारलंत, "हागते कुठं ती?" त्यानंतर आपण पुन्हा इंग्रजी बोललो नाही.

घमेल्याचं ऐकून तुम्ही कपाळाला हात लावलात. गोल बुडाचं भांडं, कडेवर पाय पडला की फरशीवर डुलणार, वाजणार. "डुलत्या होडीत तू तरी बसशील का, आनि ते पन त्या कामाला?" मी सपाट बुडाचा प्लास्टिकचा टब आणला. पुढच्या रविवारी दुधाच्या ताटलीचा विषय निघाला. जेवायच्या पाटाशेजारी तू संडास बांधशील का, असं तुम्ही विचारलंत आणि वाळूची पेटी, म्हणजे तो टब, गॅलरीच्या आडोशाला गेली, जिथे कुणाची ये-जा नाही. "आनि एकदा ठेवलीस की रोज जागा बदलू नको, तो काय तुझा फर्निचर न्हाय, सरकवत बसायला." तरीही ती आत बसेना. महिना संपत आला होता. मी सांगितलं की आता याहून स्वच्छ पेटी भाईंदरमध्ये सापडणार नाही; रोज सगळी रेती फेकते, टब फिनेलने घासते, वर पुन्हा थोडं फिनेल शिंपडते. तुम्ही विचारलंत, "फिनेल तुला कुनी शिकवला?"

"तुम्हीच," मी म्हटलं. आणि खरंच, आमच्या शाळेच्या प्रत्येक व्हरांड्याला तो वास होता. प्रार्थना, परीक्षा, पालकसभा, सगळं त्या वासात झालं. स्वच्छ म्हणजे फिनेल हे माझ्या डोक्यात तुम्हीच घासून घासून बसवलं होतं. आपण दोघी हसलो. तुम्हाला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. तुमचा वरचा एक दात सोन्याचा होता, हे दहा वर्षांच्या शाळेत कुणालाच कळलं नव्हतं. मग तुम्ही वर्गात सांगायचात तसं बोट वर करून सांगितलंत: घाण रोज दोनदा काढ, टब साध्या पाण्याने धू, उन्हात ठेव, आणि रेती बदलशील तेव्हा मूठभर जुनी त्यात राहू दे. "तिला आपला वास लागतो. सगळा एकदम नवीन केलास तर तिने वळखायचा कसा, ही जागा माझी हाय म्हनून?" त्या दिवशी परतीच्या बसमध्ये वाटेतल्या मुर्धा गावाची मिठागरं येईपर्यंत मी या वाक्याचा विचार करत होते. गिरगावहून येताना माझ्या सामानात मूठभर जुनं काहीच नव्हतं. सगळं नवीन घेतलं होतं, ऐटीत.

दोन दिवसांनी सकाळी गॅलरीतून खरखर ऐकू आली. मी चहा गॅसवर तसाच टाकून दाराआड उभी राहिले. ती चारही पाय आत घेऊन बसली होती, समोर मिठागराकडे बघत, चर्चमध्ये बसल्यासारखी गंभीर. मग उठून तिने नीट वाळू ओढली. महिनाअखेरीस सेक्रेटरी आला तेव्हा मी त्याला आत बोलावून खुर्चीवर बसवलं. त्याने नाक वर करून दोन्ही खोल्या हुंगल्या, काही सापडलं नाही, चहा प्यायला आणि म्हणाला, "अब ठीक है. लेकिन बच्चे नहीं होने चाहिए." मी म्हटलं, तिचे की माझे? तो पुन्हा कधी आला नाही.

आता जे सांगायचं आहे ते इथपर्यंत लांबवलं. मांजर तेव्हाच सुधारली, सिस्टर, आणि पुढची सगळी वर्षं तिने एकदाही चूक केली नाही. पण पुढच्या रविवारी मी बसमध्ये बसले आणि लक्षात आलं की सगळं ठीक आहे हे सांगायला पाच मिनिटं पुरतील, आणि त्यापुढच्या रविवारी यायला काही कारणच उरणार नाही. म्हणून मी सांगितलं, ती वाळू फार उडवते. तुम्ही म्हणालात, उंच कडेचा टब घे. मग मी सांगितलं, ती पेटीशेजारी बसते. मग, पावसात रेती ओली राहते. मग, ती रात्री पेटीत उभी राहून ओरडते. नव्वदचं दशक सरत आलं तरी माझ्या मांजरीच्या तक्रारी संपल्या नाहीत. तुम्ही प्रत्येकीवर उपाय सांगितलात, राख मिसळ, वर्तमानपत्राच्या पट्ट्या घाल, आणि एकदाही विचारलं नाहीत की एवढ्या बिघडलेल्या मांजरीचे केस दर रविवारी माझ्या साडीवर, नेमके मांडीवर, कसे काय असतात. ते केस तुम्ही वेचून काढायचात, बोलता बोलता. शेवटी अंथरुणावरून उठवेना तेव्हाही मी आत आले की तुम्ही आधी विचारायचात, "आज काय बिगडवला तिने?" आणि माझं होईपर्यंत डोळे मिटून ऐकायचात.

हे पत्र टाकायला कुठे पत्ता नाही, आणि असता तरी टाकलं नसतं. तुमचं भाकीत खरं ठरलं असं तुम्ही समजावं हे मला अजूनही नको आहे. फक्त एवढंच. तुम्हाला मातीत ठेवून आले त्यानंतरच्या रविवारी मी सवयीने बस पकडली, आणि मुर्धा येईपर्यंत मनात तक्रार जुळवत होते. तिथे उतरले, उलटी बस धरली. घरी येऊन गॅलरीत वाकून पाहिलं. पेटीबाहेर एक कण नव्हता, आतली वाळू सारखी केलेली, आणि ती उन्हात झोपली होती. मला तिचा इतका राग आला की संध्याकाळपर्यंत मी तिच्याशी बोलले नाही.