हात हलवायचा नाही, पाट फिरवायचा

अण्णा, तुमच्या धाकट्याला मोटर न्यूरॉनचा आजार झालाय. स्नायू हलवणाऱ्या नसाच मरत जातात आणि बरं करणारं औषध नाही. तुमच्यामागे पेणच्या कारखान्यात गणपतींचे डोळे तोच रेखायचा. मागच्या वर्षी ब्रश हातातून गळायला लागला तेव्हा कळलं. आजार किती पुढे गेला ते मोजायला दर तीन महिन्यांनी दवाखान्यातली एक मुलगी घरी येते. बोलणं, गिळणं, लिहिणं, कपडे घालणं, जिना चढणं, प्रत्येकाला चारपैकी गुण. मग नळीत फुंकर मारायला लावते. गुण किती वेगाने उतरतात ते बघून डॉक्टर ठरवतात, अन्नासाठी पोटात नळी कधी घालायची, श्वासाचं मशीन कधी आणायचं. उशीर झाला तर नळी घालणंही धोक्याचं होतं, हे त्यांनी मला नीट समजावलंय.

ती येते त्या दिवशी मी रोह्याहून मुद्दाम त्याच्या घरी जाते. शाळेत आयुष्यभर पेपर तपासले. गुण फुगवलेले असले की मला वास येतो. इथे येत होता. चहाचा ठसका लागणारा माणूस गिळायला त्रास नाय म्हणून सांगतो. माझा संशय भावजयीवर होता. मुलीने प्रश्न विचारला की हिचं उत्तर तयार. एकदा स्वयंपाकघरात तिला अडवलंच, शर्टाची बटणं कोण लावतं? ती कांदा चिरत राहिली. "तेच लावतात. तुम्ही आलात की आमची परीक्षाच असते, ताई." मी मागच्या दोरीवरचे शर्ट जाऊन पाहिले. बटणं नुसती वरून शिवलेली, आत दाबली की बसणारी चिकटपट्टी.

लिहिण्याचं मात्र कळेना. उजव्या हातात पेला राहत नाही आणि अक्षर कारखान्याच्या पाटीवरच्यासारखं. चारपैकी चार. मागच्या खेपेस चष्मा पुसून शेजारीच बसले, तेव्हा दिसलं. पेनचा हात जागच्या जागी टेकलेला. डावा हात खालून कागद सरकवतोय, वळवतोय, अगदी हळू.

आठवतं ना, अण्णा, मी नववीत आहे. सुट्टीत तुम्ही मला डोळे रेखायला बसवलंय. माझा हात फिरतो, बुबुळ पसरतं, आणि तुम्ही ब्रश काढून घेता. "हात हलवायचा नाय गो. पाट फिरवायचा." धाकटा तुमच्या गुडघ्याशी बसून मूर्तीचा पाट बोटबोटभर फिरवतोय आणि माझ्याकडे बघून हसतोय. तो शिकला. मी कॉलेजात गेले.

मुलगी गेल्यावर मी त्याला विचारलं, फसवतोस कुणाला? त्याची जीभ जड झालीय, शब्द वेळ घेऊन येतात. अण्णांनी पुरे गुण दिले असते, म्हणाला. मी म्हटलं, इथे मूर्ती नाही, तुझा जीव आहे.

"एका रकान्यात तरी चार राहू दे, ताय."

पुढच्या खेपेस त्या मुलीला सगळं सांगायचं, हे मनात पक्कं केलं.

काल ती आली. डाव्या हाताने आता कागद सरकत नाही. त्याने पेन कागदावर टेकवलं आणि तसाच थांबला. ती पिशवीत फुंकरीची नळी शोधत होती. कागद माझ्यासमोर होता. मी तो सरकवला, बोटभर, मग वळवला, मग पुन्हा सरकवला. अक्षर चांगलं आलं, अण्णा. तिने पाहिलं आणि चार लिहिले. ठसक्याचंही मी बोलले नाही. भावजय दारातून माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे बघितलं नाही.

त्या मुलीचा नंबर माझ्या मोबाइलमध्ये आहे. सकाळपासून तीनदा काढून पाहिला. फोन करणारच आहे. तुम्ही उलट विचारणार नाही, म्हणून आधी तुम्हाला लिहायला बसले. आणि आणखी एक, ते तिला सांगणार नाही. कागद फिरवताना मला बरं वाटलं.