चंद्रप्पा हे नाव मोकळं होईपर्यंत

१८ ऑगस्ट १९८२, लातूर

परवा आपला जिल्हा झाला. दुकानाच्या पाटीवरचं 'जि. उस्मानाबाद' खरवडून 'जि. लातूर' लिहून घेतलं. वर 'रेवणप्पा चंद्रप्पा, भांड्यांचे व्यापारी, गंजगोलाई' आहेच. आता वागणंही जिल्ह्याच्या ठिकाणाला शोभेल असं ठेवायचं. म्हणून ही रोजनिशी. रोज लिहिणार. पाऊस नाही.

२ सप्टेंबर

मध्ये वेळ झाला नाही. पाऊस नाही. घागरी खपतात, आणि बारशाच्या वाट्या. वाटीवर नाव कोरून देतो, त्यामुळे गावात कुणाच्या पोराचं नाव काय ठेवलं हे मला आधी कळतं. आज एक शेषेराव आले. जिल्हा झाला त्याच दिवशी त्यांना मुलगा झाला. म्हणाले, कोरा, 'चि. कलेक्टर'. कोरलं. बहात्तर साली खडी फोडायच्या कामावर जन्मलेल्या एका मुलीचं 'खडीबाई'सुद्धा मीच कोरलं होतं. लोक नाव कुठून उचलतील सांगता येत नाही. सिनेमातून, साबणाच्या कागदावरून, एसटीत शेजारी बसलेल्या बाईच्या पोरावरून.

आमच्याकडे असलं चालत नाही. आमच्याकडे नाव घरातूनच येतं. गेलेल्या माणसाचं.

१० ऑक्टोबर

सून सिंधु डिसेंबरात बाळंत होईल. माहेरी पाण्याचे हाल, म्हणून इथेच. ती आणि आमचा बसवंत मासिकं चाळून नावं शोधतात. तुषार. स्वप्नील. स्वप्नील म्हणजे काय, विचारलं. बसवंत म्हणाला, स्वप्नात असणारा. म्हटलं, स्वप्नात असणारा माणूस भांड्यांच्या दुकानात काय करणार? निकाल देऊन टाकला. मुलगा झाला तर चंद्रप्पा. माझ्या वडिलांचं नाव.

बायको गुरम्मा म्हणाली, "मामंजी अजून हायत की."

आहेत. तेवढीच अडचण आहे. जिवंत माणसाचं नाव बाळाला देत नाहीत. एक नाव दोघांना पुरत नाही, वर्षाच्या आत थोरल्याला जावं लागतं, असं घरात मानतात. पण अप्पा चौऱ्याऐंशीचे. गणपतीपासून अंथरुणावर. डॉक्टरांनी मान हलवली. म्हणजे डिसेंबरापर्यंत सगळं नीट जुळून येतं.

मला त्यांचं मरण नको आहे. मला फक्त नाव हवं आहे.

जिना चढताना दम लागला. गॅसेस.

५ नोव्हेंबर

अप्पा फार थकले. दोन घास जातात, तेही गुरम्मा भरवते म्हणून. शेजारी बसलो, मन भरून आलं. दुकानात जाऊन चांदीची एक वाटी काढली आणि स्वतःच्या हाताने 'चि. चंद्रप्पा' कोरलं. ऐनवेळी घाई नको.

दुसरीही एक तयारी केली. आमच्यात माती देतात, आपल्याच शेतात. पण यंदा जमीन दगड झालीय. गेल्या महिन्यात शेजारच्या वस्तीवर एक म्हातारी गेली तर खड्ड्याला दिवस मोडला, आणि ती बिचारी उन्हात ताटकळली. अप्पांच्या बाबतीत असं मला खपणार नाही. आमचा सालगडी मारोती, त्याला चिंचेजवळ खड्डा घ्यायला सांगितलं. झाड लावायचंय, म्हणालो. झाडाला पाणी कुठून आणणार, हे त्याने विचारलं. मग खाली बघत म्हणाला, "मालक, उघडा खड्डा ठिवू न्हाई. त्यो वाट बघत बसतो."

अडाणी लोक. येताना सायकलवर डाव्या हाताला मुंग्या आल्या. हँडल बदलून घेणे.

२४ नोव्हेंबर

समोरच्या हॉटेलवाल्याने नातवाचं नाव अप्पू ठेवलं. दिल्लीच्या एशियाडमधल्या हत्तीवरून. जगात काय चाललंय. हँडल बदललं. मुंग्या आहेतच.

१२ डिसेंबर

मुलगा. पेढे वाटले. अप्पांच्या कानाशी जाऊन मोठ्याने सांगितलं, नाव तुमचंच ठेवायचं ठरलंय. त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं. मग उशीला टेकून बसले आणि शिरा मागितला.

शेवटची इच्छा असावी.

२३ डिसेंबर

उद्याचं बारसं पुढे ढकललं. टँकर वेळेवर येत नाही, पाहुण्यांना पाणी कुठून द्यायचं, असं सगळ्यांना सांगितलं. खरं कारण, अप्पा आता दोन वेळा दूध पितात. तेही चांदीच्या वाटीतून. कुणी दिली विचारलं तर म्हणाले, "माझंच नाव हाय की तिच्यावर." पुढचं 'चि.' त्यांना दिसलं नसावं.

सिंधुने विचारलं, तोवर बाळाला काय म्हणायचं? म्हटलं, चांगल्या नावासाठी माणसाने थोडं थांबावं. गुरम्मा त्याला 'ए' म्हणते. बसवंत कोपऱ्यात नेऊन 'तुषार' म्हणतो, मी ऐकलंय.

संकल्प: नव्या वर्षात रोज सकाळी फिरायला जाणे. तंबाखू बंद.

९ जानेवारी १९८३

फिरायला एकदा गेलो, कोपऱ्यावरून परत आलो. रस्ता खराब आहे. तंबाखू हळूहळू कमी करणं शास्त्रीय असतं.

अप्पा आज उठले, धोतर नेसले आणि मारोतीच्या बैलगाडीत बसून शेतात गेले. मी मागून गेलो. ते चिंचेखाली उभे. खड्डा पाहिला. मला पाहिलं, वरपासून खालपर्यंत. मारोतीने मान दुसरीकडे वळवली.

"माझ्या मापाचा न्हाई रे हा," अप्पा म्हणाले. "लई ऐसपैस हाय."

एवढंच. परत येताना गाडीत गूळ-शेंगदाणे खात होते. मला मात्र गरगरलं, मारोतीने हात देऊन गाडीत चढवलं. ऊन फार. डॉक्टर म्हणतात एकदा तपासून घ्या. बारसं झाल्यावर.

मारोतीला खड्डा बुजवायला सांगणार होतो. राहिलं.

२० जानेवारी

किती दिवस थांबायचं? मूल नावाशिवाय वाढतंय. आज विचार केला, आपण जिल्ह्याच्या ठिकाणी राहतो, आणि हे असलं काय धरून बसलोय? तडक अप्पांकडे गेलो. सांगितलं, हे सगळं खोटं आहे. नाव म्हणजे काही माणसाचा श्वास नाही की एकाने घेतला तर दुसऱ्याचा संपला. जिवंतपणी नाव दिल्याने काहीसुद्धा होत नाही. बोलता बोलता शर्ट घामाने भिजला.

ते भाकर चघळत ऐकत होते. सगळं झाल्यावर म्हणाले, "कुणीच मरत न्हाई म्हणतोस?"

म्हटलं, कुणीच नाही.

"नक्की सांगायलास?"

म्हटलं, नक्की.

"मग घाला बारसं."

जिंकलो. तारीख ३०. घरात आजवर माझ्या शब्दाला इतकं वजन आलं नव्हतं.

३० जानेवारी

बारसं झालं. माणसं बरीच आली, पाणी पुरलं. माझी मुलगी रत्नम्मा, बाळाची आत्या, उदगीरहून आली. ती कुर्र करायला पाळण्यावर वाकली, एवढ्यात खुर्चीवरून अप्पांनी हात वर केला. म्हणाले, नाव मी सांगतो. मी मान डोलावली. त्यांचंच नाव, त्यांनी सांगावं हे बरंच.

रत्नम्मा त्यांच्याजवळ गेली. ऐकून ताठ उभी राहिली आणि माझ्याकडे बघत राहिली. "बाबा, ते तुमचं सांगायलेत," ती म्हणाली.

अप्पा सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "जित्या माणसाचं नाव दिल्यानं कुणी मरत न्हाई. ह्यानंच सांगितलं मला. तर माझं राहू द्या माझ्यापाशी, वापरात हाय अजून. रेवणप्पा ठिवा."

पुरुष हसले. सिंधु रडली, तिला तुषार हवं होतं. बायकांपैकी कुणी माझ्याकडे बघेना. गुरम्माने हात मंगळसूत्रावर ठेवला, तो पाळणा म्हणून होईपर्यंत काढला नाही. मी सगळ्यांत जास्त हसलो. मग बसावं लागलं.

खरं सांगायचं तर भीती वाटली. आता गेली.

२ फेब्रुवारी

माझा या गोष्टींवर विश्वास नाही. डॉक्टरांनाही तेच सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि बसवंतला बाहेर बोलावलं. जिना चढणं बंद, दुकानात जाणं बंद, पडून राहायचं. दुकानात अप्पा बसतात. म्हणे घागरी चांगल्या खपल्या.

नवऱ्याचं नाव घेत नाहीत, म्हणून गुरम्माने लग्नापासून कधी माझं नाव उच्चारलं नाही. बारशानंतरही ती बाळाला 'ए'च म्हणत होती. आज दुपारी ते फार रडलं. कुणाकडेच उगी राहीना. मी आतल्या खोलीत पडलो होतो. मग तिचा आवाज आला. "रेवणप्पा, न्हाई रडू बाळा. रेवणप्पा." इतक्या मायेने मला कुणी कधी हाक मारली नव्हती.

मी ओ दिली. कुणी आत आलं नाही.