धड नोंद नाही, धड गोष्ट नाही

प्रिय ताई,

पाकीट बघून दचकू नकोस. फोनवर तू माझ्या नुसत्या 'हॅलो'वरून सगळं ओळखतेस आणि मग मला काही नीट सांगताच येत नाही, म्हणून लिहितेय. शिवाय लिहायची खोड तुला माहीतच आहे. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, असं आई अजूनही म्हणते.

नर्सिंगचं शेवटचं वर्ष जीव काढतंय. वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर माझ्यावर खार खाऊन आहेत. मागे एका आजोबांच्या केसपेपरवर मी लिहिलं होतं, 'आजोबा भिंतीकडे तोंड करून रुसलेत, सून आली की जेवतील.' सिस्टरांनी ते सगळ्यांसमोर वाचून दाखवलं आणि विचारलं, ही नोंद आहे की नाटकाचा दुसरा अंक? मी मुकाट्याने ते खोडून 'रुग्णाने दुपारचे जेवण नाकारले' असं लिहिलं. संध्याकाळी सून आली, आजोबा पोटभर जेवले. ते लिहायला मात्र केसपेपरवर रकाना नव्हता.

मासिकाला पाठवलेली गोष्ट परत आली. संपादकांनी सोबत चिठ्ठी लिहिली आहे की भाषा चांगली आहे, पण नायिकेचा ताप, नाडी आणि रक्तदाब वाचकाने का सांभाळायचा? म्हणजे तिकडे माझी नोंद गोष्टीसारखी होते आणि इकडे गोष्ट नोंदीसारखी. एक ना धड, भाराभर चिंध्या! ड्यूटीवर असले की कधी एकदा घरी जाऊन लिहिते असं होतं, आणि टेबलाशी बसले की कुणाचं तरी सलाइन संपत आलं असेल म्हणून जीव खालीवर होतो. कुठेच बूड टेकत नाही माझं.

परवा तुझी फार आठवण आली. लहानपणी मी जिन्यावरून पडले होते, आठवतं? गुडघा फुटला होता आणि मी जखमेत किती खडे रुतलेत ते निरखत बसले होते. भोकाड पसरलंस तू. लागलंय हिला आणि रडतेय ती, म्हणून आई कपाळावर हात मारून हसली, आणि तेव्हापासून घरात तुझं नाव 'नळ' पडलं. तुला चिडवण्यात मीच सगळ्यांच्या पुढे असायचे.

ताई, आई सध्या आमच्याच वॉर्डात आहे, खिडकीजवळच्या खाटेवर. तिचं हृदय थकलंय. छातीत पाणी साठतं, औषधाने उतरतं, पुन्हा साठतं. तुला कळवायचं नाही, अशी तिने मला शपथ घातली. म्हणाली, "ती येऊन नुसती रडत बसेल. काय उपयोग? तू आहेस ना, तुला सगळं येतं."

येतं गं मला सगळं. तिला दम लागू नये म्हणून उशा कशा रचायच्या ते येतं, सुजलेले पाय कसे उचलून ठेवायचे ते येतं. पण काल तिची पाठ पुसत होते, तर तिने माझा हात धरून जवळ बसवून घेतलं, आणि माझी बोटं आपोआप तिच्या नाडीवर गेली. नाडी मोजतानाच तिच्या वाळलेल्या पाठीवरून मला एक वाक्य सुचलं. चांगलं वाक्य होतं, ताई. क्षणभर मला आनंदसुद्धा झाला, आणि मग स्वतःची इतकी शिसारी आली की काय सांगू. आईला काय कळलं कोण जाणे. ती म्हणाली, "मोजू नकोस गं. नुसती बस." मी प्रयत्न केला. मला जमलं नाही.

डॉक्टर म्हणतात, आता महिने नाहीत, आठवडेच. मी शपथ मोडतेय, आई रागावली तर रागावू दे. तिची सेवा मी करतेच आहे, लिहिणं तर माझं सुटता सुटत नाही, पण तिच्याजवळ नुसतं तिचं लेकरू होऊन बसणारं इथे कुणीच नाही. ते आपल्या घरात फक्त तुला येतं. हे पत्र मिळेल तशी नीघ. तू ये, आणि नुसती रडत बस.

तुझंच,
शेंडेफळ