मध उघडा ठेवायचा नाही

३ सप्टेंबर

चि. मोजपट्टीस,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक. ठीक म्हणजे काकांची कंबर आणि माझ्या दोन पेट्या सोडून. अस्वल पुन्हा आलं होतं. सकाळी चहा ठेवला आणि खिडकीतून पाहते तर उतारावर बसलंय. मधपेटीचं झाकण बाजूला, आणि एकेक चौकट उचलून अळ्यांसकट पोळं चापतंय. माश्या तोंडावर तुटून पडल्या होत्या, पण त्याला कशाचं काही नाही. मी थाळी बडवत धावले. ते उठलं, मीच जेवताना मध्ये आल्यासारखं माझ्याकडे पाहिलं आणि सावकाश निघून गेलं.

मग गावाची बैठक झाली. बागवाले म्हणाले, मावशीचा मध नसता तर अस्वल खाली उतरलंच नसतं. मी म्हटलं, माझ्या माश्या नसत्या तर तुमच्या झाडांना फळं कुठून धरली असती? त्यावर दोघा-चौघांनी मान डोलावली. पण कारभाऱ्यांनी निकाल दिलाच. आता आणखी एक जरी पेटी फुटली, तर बंदूकवाल्याकडून अस्वल मारायचं आणि माझ्या पेट्या कायमच्या गावाबाहेर.

मला दोन्ही नको. अस्वलीण आहे ती, मागे पिल्लू असतं. आणि पेट्यांशिवाय मी कोण, हे या वयात नव्याने शोधायचा मला कंटाळा आहे.

तू तिकडे विजेची यंत्रं तपासतेस ना? मग काहीतरी कर. फोन मात्र करू नकोस, फोनवर तू नुसतं 'हं' म्हणतेस. पत्रात निदान पूर्ण वाक्यं तरी लिहितेस. तू गप्प बसलीस म्हणून माझा लोभ कमी होत नाही, हेही लक्षात असू दे.

तुझी मावशी


९ सप्टेंबर

ती. मावशीस,

सा. न. वि. वि. पत्र मिळालं. वेगळ्या पार्सलने झटका मशीन, तार, खांबांवर बसवायचे इन्सुलेटर आणि पत्र्याच्या पट्ट्या पाठवल्या आहेत. बॅटरी ट्रॅक्टरची चालेल. या कुंपणाने कोणी मरत नाही. झटका क्षणभराचा असतो, पण लक्षात राहतो.

तारेखालचं गवत कापा. गवत तारेला टेकलं की वीज जमिनीत उतरते आणि मशीन नुसतंच टकटक करत राहतं. अर्थिंगची सळई ओल्या जागी, खोल ठोका. काकांनी 'एवढी पुरे' म्हटल्यावर आणखी ठोका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. अस्वलाचे केस दाट असतात, त्यांतून झटका पोचत नाही. नाक किंवा जीभ लागली पाहिजे. म्हणून पत्र्याच्या पट्ट्यांना मध लावून त्या तारेवर टांगा. हे वगळलं तर बाकी सगळं व्यर्थ आहे.

माझं काम नेहमीसारखं चालू आहे. प्रकृती ठीक. काकांना नमस्कार. लोभ असावा.

आपली आज्ञाधारक,
भाची


१७ सप्टेंबर

चि. मोजपट्टीस,

आशीर्वाद. तुझं पत्र वाचून मला वाटलं, पार्सलबरोबर पावतीच आली की काय. 'आपली आज्ञाधारक'! लहानपणी पावाचे तुकडे पट्टीने मोजून वाटायचीस, तशीच अजून शब्द वाटतेस.

कुंपण उभं राहिलं. चालतंय का बघायला काकांनी बोट लावलं आणि मटकन खाली बसले. मग जे काही बोलले, ते लग्नानंतर पहिल्यांदाच माझ्या कानावर आलं. अर्धा गाव कुंपणाबाहेर उभा होता. कंबर मात्र तेव्हापासून बरी आहे म्हणतात. आता शेजारणीला तिच्या सासूसाठी हवंय मशीन.

पण अस्वलिणीचं काही अडलं नाही गं. काल संध्याकाळी आली, खांदा लावला, तार ताणली, खांब वाकला आणि आत! काका, कुत्रा आणि मी, तिघांनी मिळून आरडाओरडा केला तेव्हा गेली. एक पेटी कलंडली. कारभारी स्वतः येऊन पेटी ठोकून बघून गेले. म्हणाले, कलंडली म्हणजे फुटली नव्हे. मनाने माणूस वाईट नाही. पण बंदूकवाल्याला त्यांनी निरोप धाडलाय. महिनाअखेरीच्या रविवारपासून तो आमच्या उतारावर बसणार.

गवत कापलं होतं. सळई काकांनी तीनदा 'पुरे' म्हणेपर्यंत ठोकली. पट्ट्या राखेने घासून चकचकीत करून टांगल्या. मध काही लावला नाही. पेट्यांजवळ मध उघडा ठेवायचा नाही, हे मला माझ्या गुरूंनी पहिल्या दिवशी शिकवलं. वास लागला की एका पेटीच्या माश्या दुसरीवर तुटून पडतात, दुबळी पेटी संध्याकाळपर्यंत लुटून रिकामी करतात. अस्वल एक पेटी खाईल, लुटालूट सगळ्या खाईल. तेवढं एक सोडून सगळं तू म्हणालीस तसंच केलंय. मग चुकलं कुठे?

वाट पाहते. माया आहेच, ती काही मोजून पाठवत नाही.

तुझी मावशी


२१ सप्टेंबर

ती. मावशीस,

सा. न. वि. वि. पत्र दोनदा वाचलं. चुकलं ते त्या सोडलेल्या एका गोष्टीतच. पण चूक तुझी नाही. माझ्या हिशेबात अस्वल होतं, माश्या नव्हत्या. लुटालूट मला माहीत नव्हती.

तेव्हा असं काहीतरी पाहिजे की ज्याचा वास अस्वलाला ओढेल आणि माश्या ढुंकून बघणार नाहीत. इथल्या प्राणिसंग्रहालयात अस्वलं सांभाळणाऱ्या बाईंना जेवणाच्या सुट्टीत जाऊन भेटले. त्या म्हणाल्या, मासळी. तेलातली, डब्यातली. माश्या तिच्याजवळ फिरकतात का, हे तू मला सांगायचंस. त्या विषयात मी अडाणी आहे.

हरकत नसेल तर डबे उघडून झाकणं तशीच तेलकट ठेवून तारेवर टांग. अस्वलाच्या नाकाच्या उंचीवर. वाकलेला खांब बदला. हात लावण्याआधी मशीन बंद करा. हे काकांसाठी लिहिलं आहे.

बंदूकवाल्याला पहिली संधी कुंपणाला द्यायला सांग. ही विनंती माझ्याकडून, असंही सांगायला हरकत नाही.

लोभ असावा.

भाची


३० सप्टेंबर

अगं मोजपट्टे!

आशीर्वाद, आशीर्वाद, आणि वर आणखी आशीर्वाद. आधी बातमी, मग बाकीचं.

माश्यांनी मासळीकडे पाठ फिरवली. मांजरांनी नाही फिरवली. शेजारचा बोका पहिल्याच दिवशी झाकण चाटायला उडी मारून गेला आणि आला तो सरळ आमच्या माळ्यावर. मशीन चालतं हे तेव्हाच कळलं. अंगणाला असा वास सुटला होता की काका जेवायला स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी बसत.

रविवारी बंदूकवाला आला. तुझी विनंती सांगितली. विचारलं, ही भाची कोण? मी म्हटलं, फार बोलत नाही, पण बोलते ते नेमकं. तो म्हणाला, मग थांबू. आणि ओसरीवर बसला, बंदूक मांडीवर, शेजारी कारभारी.

ऊन उतरताना ती आली. पिल्लू झाडीपाशी थांबवून एकटी पुढे. खांदा लावायला वळली, तेवढ्यात वास लागला. नाक वर केलं. झाकणाजवळ गेली, हुंगलं, आणि जीभ काढून ऐसपैस चाटलं.

मोजपट्टे, एवढं मोठं जनावर चारही पाय उचलून एकदम हवेत उडालेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं! खाली आली ती तोंड फिरवूनच. बागेतून, ओढ्यातून, वर जंगलात, पिल्लू पुढे आणि ती मागे. काका टाळ्या वाजवत होते. मी रडत होते की हसत, मलाच माहीत नाही. बंदूकवाल्याने बंदुकीतली काडतुसं काढून खिशात टाकली आणि म्हणाला, गोळी न झाडता मी आयुष्यात एकही अस्वल परतवलं नाही. मधाची बरणी घेऊन गेला.

परवा पिल्लाने लांबून झाकणं पाहिली, तर आईने चापट मारून मागे ओढलं. म्हणजे धडा पुढच्या पिढीपर्यंत पोचला. कारभाऱ्यांनी पेट्यांचा निकाल भर बैठकीत मागे घेतला आणि हळूच विचारलं, बागेभोवती असंच कुंपण बसेल का? मी म्हटलं, भाचीला विचारावं लागेल, तिला वेळ नसतो. जरा भाव खाल्ला.

आता बाकीचं. तू जेवण सोडून अस्वलांच्या बाईंकडे गेलीस, हे मी वाचलं. दोन ओळींत उरकलंस, तरी वाचलं. मध उघडा ठेवायचा नाही हे मी तुला सांगितलं, पण ते मधापुरतं होतं गं, मायेपुरतं नाही.

तुझी, तुझीच,
मावशी


६ ऑक्टोबर

ती. मावशीस,

सा. न. वि. वि. तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. अस्वलीण उडाली तिथे पुन्हा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा मी आपणहून वाचलं.

कारभाऱ्यांच्या बागेचं माप मला पत्रावरून घेता येणार नाही. रजा मागितली, मिळाली. शनिवारी दुपारच्या गाडीने येते आहे. बागेचं काम फार तर दोन दिवसांचं आहे. रजा पंधरा दिवसांची घेतली आहे.

मला ती झाकणं बघायची आहेत, काकांचं बोट बघायचं आहे, आणि तू रडत होतीस की हसत, ते तुझ्याच तोंडून ऐकायचं आहे. फोनवर विचारलं असतं, पण मी नुसतं 'हं' म्हणाले असते.

पाव मी आणते. मध तू काढून ठेव. या वेळी तुकडे मोजणार नाही.

तुझीच,
मोजपट्टी